त्रिरश्मी लेण्यांतील ठेवीच्या पावत्या

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)





डिसेंबर महिन्यात आपल्या संस्थेने नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांची अभ्याससहल काढली होती. त्या सहलीचा वृत्तान्त मी सांगावा, असे कार्यकारिणीने सुचवले. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए. झालो तो मराठी विषय घेऊन, आणि गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरच्या मागे बसून लोकांच्या ठेवी, पासबुके आणि वारसनोंदी पाहतो आहे. त्यामुळे लेण्यांतील शिल्पांवर मी काही अधिकाराने बोलू शकणार नाही. परंतु त्या डोंगरावर आमच्या मार्गदर्शक सरांनी जे कोरीव लेख वाचून दाखवले, त्यांतील काही लेख हे माझ्या रोजच्या कामाचेच कागद निघाले. ते आपल्यापुढे ठेवावेत, आणि त्यावरून आपल्या शिष्यवृत्ती निधीविषयी जो विषय सध्या चर्चेत आहे त्याबद्दल दोन शब्द बोलावेत, एवढाच माझा हेतू आहे.

कल्याणहून पहाटे साडेपाचला बस निघाली. कसारा घाटात नेहमीप्रमाणे तिघा-चौघांना बस लागली. त्याचे वर्णन करत नाही. लेणी नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेलाच आहेत. पायथ्याशी बुद्ध स्मारक आणि दादासाहेब फाळके स्मारक आहे. तेथून सुमारे दोनशे पायऱ्या चढल्या की डोंगराच्या कंबरेला एका ओळीत कोरलेली लेणी लागतात. आमच्यातील साठी उलटलेल्या तिन्ही मावशी विद्यार्थ्यांच्या आधी वर पोहोचल्या, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आमचे मार्गदर्शक हे निवृत्त शिक्षक. हातात काठी, पिशवीत विजेरी आणि कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतलेले लेख. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या डोंगराचे नाव काय?" मुले एका सुरात म्हणाली, "पांडवलेणी." सर म्हणाले, "बरे. आता येथे एखादा तरी पांडव दिसला तर मला दाखवा." मग त्यांनी सांगितले की लेण्यांतील लेखांत या डोंगराचे नाव स्वच्छ कोरलेले आहे. काही ठिकाणी 'तिरण्हु', काही ठिकाणी 'त्रिरश्मि'. नाशिक हे नावही तेथे आहे, आणि जवळच्या गोवर्धन गावाचेही आहे. गोवर्धन त्या काळी कारभाराचे ठाणे होते, आणि आजही नाशिकच्या पश्चिमेला त्याच नावाचे गाव आहे. ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही, तेव्हा लोकांनी आपल्याला ठाऊक असलेल्या कथेतले नाव डोंगराला दिले. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केली आणि दगड पुन्हा बोलू लागले. नाशिकचे लेख वाचण्याच्या कामी भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या आपल्याकडील विद्वानांचा मोठा वाटा आहे. मराठीतून वाचायचे असेल तर वा. वि. मिराशी यांचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या लेखांवरील ग्रंथ आहे. तो आपल्या वाचनालयात असावा अशी माझी सूचना आहे.

एकंदर चोवीस लेणी मोजली जातात. मे २०२१ मध्ये पावसाळ्यापूर्वीची साफसफाई करताना आणखी दोन-तीन लहान लेणी पुरातत्त्व खात्याच्या लोकांना आढळली. याचा अर्थ इतक्या वर्दळीच्या डोंगरावरही अजून सगळे पाहून झालेले नव्हते. सगळ्यांत जुने लेणे एकोणीस क्रमांकाचे. सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या वेळी, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकच्या अधिकाऱ्याने ते करवले. लहान आणि साधे लेणे आहे. लोक ते न पाहताच पुढे जातात. त्याच्या शेजारी अठरा क्रमांकाचे चैत्यगृह आहे, तेथे मात्र सगळे फोटो काढतात. त्या चैत्यगृहाच्या दारावरच्या कमानीखाली लेख आहे: हे धंभिक गावाचे दान. कोणा एका माणसाचे नाही, गावाचे. आणि आतल्या खांबांवर लेख आहे तो भटपालिका नावाच्या स्त्रीचा. चैत्यगृह तिने पूर्णत्वास नेले. तिचा नवरा राजाच्या भांडारात अधिकारी होता. म्हणजे आजच्या भाषेत कोषागार कार्यालयातला माणूस. हे ऐकल्यावर आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले आणि नंतर माझ्या पत्नीकडे पाहिले.

राजे-राण्या तर तेथे आहेतच. तीन क्रमांकाचे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी संघाला दिले. त्यातील लेखात तिने आपल्या मुलाचा पराक्रम सांगितला आहे तो प्रसिद्धच आहे. त्या लेण्याच्या दर्शनी भागात सहा यक्ष सगळा भार खांद्यावर घेऊन जमिनीतून वर आल्यासारखे कोरले आहेत. आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे हमाल का?" सरांनी त्याला नाही म्हटले नाही.

परंतु मला जास्त जवळचे वाटले ते आठ क्रमांकाचे लहानसे लेणे. ते मुगुदास नावाच्या माणसाने सहपरिवार दिलेले आहे. लेखात त्याला 'दासक' म्हटले आहे, आणि त्याचा अर्थ विद्वान कोळी, मासेमार असा करतात. राजमातेचे लेणे जेथे, त्याच रांगेत मासेमाराचे लेणे. पुढची गोष्ट आणखी पाहण्यासारखी आहे. मुगुदासाने लेणे दिले, पण तेथे राहणाऱ्या भिक्षूच्या चीवराची सोय कोणी केली? ती धर्मनंदी नावाच्या दुसऱ्याच माणसाने केली. बोधिगुप्त उपासकाचा हा मुलगा. त्याने त्यासाठी एक शेत दिले. म्हणजे एकाने वास्तू उभी केली आणि दुसऱ्याने तिच्या कायमच्या खर्चाची तजवीज केली. विद्यार्थी मित्रहो, इमारत बांधणे आणि ती चालती ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला देणगीदार मिळणे कठीण असते. हे आपल्या संस्थेच्या खजिनदारांना मी सांगायला नको.

आता मी मुख्य विषयाकडे येतो. दहा क्रमांकाचे लेणे.

हे लेणे उषवदात याने करवले. तो शक होता, दीनिकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई. त्याची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचाही तेथे लेख आहे. आम्ही आत गेलो तेव्हा सरांनी मुलांना खोल्या मोजायला लावल्या. डावीकडे पाच, उजवीकडे पाच, मागे सहा. एकूण सोळा. प्रत्येकीत दगडी ओटा. मग आम्ही ओसरीत उभे राहिलो आणि सरांनी लेख वाचायला सुरुवात केली. वर्ष ४२, वैशाख महिना. हे वर्ष कोणत्या कालगणनेचे, यावर विद्वानांत वाद आहे. परंतु इसवी सनाचे पहिले किंवा दुसरे शतक, एवढे धरून चालू.

लेखाचा मजकूर असा आहे. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या संघाला दिले आणि त्याबरोबर 'अक्षयनीवी' म्हणून तीन हजार कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे त्या वेळचे नाणे. आणि 'नीवी' म्हणजे मुद्दल. जे मुद्दल कधी खर्ची पडायचे नाही ते अक्षयनीवी. हे पैसे त्याने संघाच्या हातात दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातील लोकांनी एकत्र येऊन केलेला संघ. आजच्या सहकारी सोसायटीचा पूर्वज म्हणा. एका विणकर श्रेणीकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे एक हजार, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मित्रहो, हा 'पाऊण' शब्द मी भाषांतरात घातलेला नाही. त्या लेखात तो 'पायून' असा कोरलेला आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड 'पाऊण टक्का' म्हणतो, आणि आपणही आज तोच शब्द वापरतो.

पुढे अट घातली आहे. हे कार्षापण परत द्यायचे नाहीत. त्यांची फक्त 'वढि' उपभोगायची. वढि म्हणजे वाढ, व्याज. आपल्या खेड्यांत 'वाढीदिढी' शब्द आहे तो याच घरातला. आणि त्यापुढे हिशेब आहे: दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. एक हजाराचे व्याज किरकोळ गरजांसाठी.

सर पुढे वाचत होते आणि मी सवयीने मनात गुणाकार करत होतो. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षू गुणिले बारा? दोनशे चाळीस! हिशेब तंतोतंत जुळतो. मी तो मुलांना पुन्हा करायला सांगितला. आमच्याबरोबर आलेल्या सहावीतल्या मुलीने तो बोटांवर केला आणि म्हणाली, "काका, काहीच उरत नाही." खरे आहे. उरत नाही आणि कमीही पडत नाही. ज्याने ही योजना आखली त्याने आधी गरज मोजली, मग दर ठरवला, आणि मग किती मुद्दल ठेवावे लागेल ते काढले. आपण बहुतेक वेळा उलटे करतो. जमेल तेवढी वर्गणी गोळा करतो आणि मग तिचे काय करायचे ते ठरवतो.

आता वर्षाला बारा टक्के हा दर ऐकून आपल्यातील निवृत्त मंडळींचे डोळे चमकले असतील. आमच्या बँकेतील जुने सहकारी सांगतात की १९९० नंतरच्या काही वर्षांत मुदत ठेवीवर अकरा-बारा टक्के मिळत असत. आज ते दिवस नाहीत, आणि आज कोणी आपल्याला बारा टक्क्यांचे आश्वासन दिले तर आधी त्याची चौकशी करावी, हा माझा फुकटचा सल्ला आहे. विणकरांना तो दर परवडत असणार, कारण तो पैसा सुतात आणि मागात फिरत होता. भिक्षूंना चीवर हवे, आणि चीवरासाठीचा पैसा विणकरांकडेच! ठेव कोठे ठेवावी याचाही विचार यात दिसतो.

लेखाचा शेवट तर मला फारच आवडला. हे सर्व निगमसभेत वाचून ऐकवले, आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असे त्यात आहे. निगमसभा म्हणजे नगरातील व्यापारी-कारागिरांची सभा. म्हणजे व्यवहार चारचौघांत जाहीर झाला, दप्तरात नोंदला गेला, आणि वर दगडात कोरला गेला. आमच्याकडे ठेवीची पावती हरवली म्हणून रोज कोणी ना कोणी येते. ही पावती हरवणे शक्यच नव्हते. मोर्चे आले, राज्ये गेली, विणकरांची ती श्रेणी कधीच नाहीशी झाली, पावती मात्र भिंतीवर आहे.

याच उषवदाताने एका ब्राह्मणाकडून, वाराहीपुत्र अश्विभूती असे त्याचे नाव, चार हजार कार्षापण किंमत देऊन शेत विकत घेतले आणि ते भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. शेताची दिशा, विकणाऱ्याचे नाव, किंमत, सगळे लेखात आहे. तो सत्ताधीशाचा जावई होता. मनात आणले असते तर शेत काढून घेता आले असते. पण किंमत मोजली आणि तसे कोरून ठेवले. हा झाला खरेदीखताचा भाग. आणि एका गावी नारळाची आठ हजार झाडेही दिली. दुसऱ्या एका लेखात त्याने देव-ब्राह्मणांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब आहे. तेथे एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण हा दर धरून दोन हजार सुवर्ण असे लिहिले आहे. सोन्याचा त्या दिवशीचा भावच लिहून ठेवला म्हणा ना. दान करताना त्याने पंथ पाहिलेला दिसत नाही.

त्याच दहाव्या लेण्याच्या आवारात पुढच्या काळातला आणखी एक लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. या वेळी विणकर नाहीत. कुंभार, तेली आणि 'ओदयंत्रिक', म्हणजे पाणी उपसण्याची यंत्रे करणारे. एका स्त्रीने वैद्यकीय मदत निधी उभा केला आणि तोही एकाच ठिकाणी न ठेवता निरनिराळ्या धंद्यांत विभागून ठेवला. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक शिकल्यासवरल्या खातेदारांना हे समजावताना माझा घसा बसतो.

परंतु दान दिले म्हणजे झाले, असे कधीच नसते. तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या वेळचा, वर्ष २४ चा, एक लेख आहे. तो राजाचा आणि राजमातेचा मिळून गोवर्धनच्या अमात्याला दिलेला हुकूम आहे. मजकूर असा: आम्ही पूर्वी या डोंगरावरील भिक्षूंना कखडी गावातले शेत दिले होते. पण ते शेत कोणी कसत नाही, आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने शेत द्यावे. या लेखावर मी फार वेळ थांबलो. दान देऊन झाले होते, कोरूनही झाले असेल, वाहवा मिळाली असेल. तरी कोणीतरी चौकशी केली की भिक्षूंच्या पदरात खरोखर काही पडते का? पडत नाही असे दिसल्यावर ते मान्य करून बदली जमीन दिली. बँकेच्या भाषेत ही बुडीत मालमत्ता होती, आणि देणाऱ्याने ती स्वतः भरून दिली. राजाने आपले दान निष्फळ ठरल्याचे दगडावर लिहून ठेवावे, याला मन मोठे लागते.

येथे थोडे विषयांतर करतो. नहपानाचा पाडाव याच गौतमीपुत्राने केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नाण्यांचा साठा सापडला. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे मारलेले. राज्य बदलले, पण जुने चलन रद्द करून लोकांना रांगेत उभे केले नाही. त्याच नाण्यावर नवा शिक्का मारून ते चालते ठेवले. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे पन्नास दिवस मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो आणि आपण सगळे बाहेरच्या. म्हणून मला ती नाणी आठवतात. असो.

आता आपल्या निधीविषयी.

आपल्या शिष्यवृत्ती निधीचे मुद्दल सहा लाख रुपये आहे, आणि ते बँकेत मुदत ठेवीत आहे. ते एका दिवसात जमलेले नाही. गिरणी बंद पडल्यावर हातात आलेल्या पैशांतून काही जणांनी दिलेले आहे. सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एका आजींनी आपल्या फंडातून दिलेले आहे. मागील वर्षी सात टक्के दराने बेचाळीस हजार रुपये व्याज आले आणि चौदा विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीन हजार रुपये देता आले. मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली की ही ठेव मोडून विहाराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकावा. सूचना मांडणारे माझे वडीलधारे आहेत आणि त्यांच्या तळमळीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पावसाळ्यात अभ्यासिकेत पाणी गळते, मुले वह्या पोटाशी धरून बसतात, हे मीही पाहिले आहे. स्लॅब हवाच आहे.

तरीही माझा या सूचनेला विरोध आहे, आणि तो मी येथे उघडपणे मांडतो. त्रिरश्मीवर वीस क्रमांकाचे लेणे आहे. बोपकी नावाच्या भिक्षूने ते सुरू केले. ते कित्येक वर्षे अपुरे पडून होते. पुढे यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पूर्ण केले. तेथे तसे लिहिलेच आहे. अपुरे राहिलेले लेणे नंतरच्या कोणी पुरे करू शकते. अकरावीला प्रवेश न घेता आलेला मुलगा पाच वर्षांनी अकरावीत बसत नाही. तो तोवर कोठेतरी रिक्षा चालवत असतो. स्लॅबसाठी वेगळी वर्गणी काढू, स्वतंत्र पावतीपुस्तक छापू, त्यासाठी मी दारोदार फिरायला तयार आहे. परंतु ज्या आजींनी शिक्षणासाठी म्हणून पैसे दिले, ते सिमेंटमध्ये घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांनी दिले ते अक्षयनीवी म्हणून दिले. तो शब्द त्यांना ठाऊक नव्हता, एवढेच.

मात्र नुसते "मुद्दलाला हात लावू नका" म्हणूनही भागत नाही. आपण दरवर्षी सगळे व्याज वाटून टाकतो. सहा लाख हे सहा लाखच राहतात आणि वह्या, बस पास, परीक्षा शुल्क वाढत जाते. पंधरा वर्षांनी त्या सहा लाखांत किती मुलांचे भागेल? आकडा अक्षय राहिला, पण मोल झिजले. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध केला, त्यात त्यांचा कटाक्ष होता तो रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहण्यावर. आपण त्यांचा फोटो खजिन्याच्या कपाटावर लावतो, तर कपाटातील रुपयाकडेही त्यांच्या नजरेने पाहावे. उषवदाताने फक्त नाणी ठेवली नाहीत, शेत आणि नारळाची झाडेही दिली. नाण्याचे मोल उतरले तरी झाडाला नारळ लागतातच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. दरवर्षीच्या व्याजातील सातवा हिस्सा मुद्दलात परत घालावा. मागील वर्षीच्या हिशेबाने तो सहा हजार रुपये होतो. याचा परिणाम काय, तेही स्पष्ट सांगतो. वाटायला छत्तीस हजार उरतील, म्हणजे चौदाऐवजी बारा विद्यार्थी. दोन मुले बाहेर राहतील. ती राहू नयेत असे वाटत असेल तर दरमहा पन्नास रुपये देणारे दहा सभासद हवेत. दहा गुणिले पन्नास गुणिले बारा, सहा हजार. सहावीतली आपली मुलगी येथे समोर बसली आहे, तिने हा हिशेब तपासून घ्यावा.

आणखी दोन गोष्टी. निधीचा जमाखर्च वर्षातून एकदा सभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि तो विहाराच्या दर्शनी भिंतीवर फळ्यावर लिहावा. शिष्यवृत्ती दिलेल्या मुलांची पुढच्या वर्षी घरी जाऊन चौकशी करावी. पैसे मिळाले की नाही, पुरले की नाही, मूल शाळेत आहे की नाही. कखडीच्या शेतासारखे आपले एखादे दान पडीक असेल, तर ते आपल्याला कळले पाहिजे.

सहलीविषयी सांगायचे राहिले ते थोडक्यात सांगतो. काही लेण्यांत तरुणांनी खडूने आणि खिळ्याने आपली नावे लिहिली आहेत. त्यांत आपल्या मुलांच्या नावांसारखीही नावे आहेत. सरांनी त्यावर भाषण केले नाही. त्यांनी मुलांना फक्त एक लेख बोटाने हवेत गिरवायला शिकवला, भिंतीला हात न लावता. परतताना बसमध्ये पाच-सहा मुले आपापली नावे ब्राह्मीत लिहीत होती, वहीवर. पुढील सहल जुन्नरला काढण्याचा विचार आहे. कान्हेरीलाही जायचे आहे, कारण तेथल्या लेखांत आपल्या कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, आणि ती कल्याणच्या मुलांनी वाचली पाहिजेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. भाडे आगाऊ घेतले जाईल.

ठेव मोडण्याचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. माझी दुरुस्तीसूचना मी लेखी दिली आहे. पन्नास रुपयांची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यात आतापर्यंत चार नावे झाली आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.